किती वाजले? बालशिक्षणातील गाणे, नाच आणि घड्याळ यांचा इतिहास

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, पाच-सहा वर्षांच्या मुलाला घड्याळ शिकवायला बसलात की त्यातली अडचण लगेच कळते. त्याला एक ते बारा आकडे येतात. तबकडीवर बोट ठेवून तो 'तीन' म्हणतोही. पण मिनिटकाटा त्याच तीनवर आला की 'पंधरा' का म्हणायचे, साडेतीन वाजता तासकाटा तीनवर का नसतो, आणि बारानंतर तेरा न येता पुन्हा एक कसा येतो, हे त्याला पटत नाही. घड्याळ दिसायला सोपे असले तरी वाचायला अवघड आहे. त्यात एकाच वर्तुळावर दोन वेगवेगळी मापे बसवलेली आहेत, आणि ज्याचे माप घ्यायचे तो काळ डोळ्यांना दिसत नाही.

म्हणूनच बालवाडीत घड्याळ बहुधा गाण्यातून येते. मुले टिकटिक म्हणत हात लंबकासारखे हलवतात, जमिनीवर खडूने काढलेल्या तबकडीवर फेर धरतात, टाळ्यांनी ठोके मोजतात. ही पद्धत इतकी परिचयाची आहे की तिला इतिहास असेल असे आपल्या मनात येत नाही.

या पाठात तो इतिहास पाहू. वाचताना एक प्रश्न जवळ ठेवा: घड्याळाचे गाणे मुलाला वेळ समजावून देते की वेळ पाळायला लावते? या दोन हेतूंची सरमिसळ जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर दिसेल. ती वेगळी करून पाहता आली तर बालशिक्षणाचा हा छोटासा विषय भारतीय समाजाच्या एका मोठ्या बदलाकडे घेऊन जातो.

२. वेळ 'वाजते': भाषेतील पुरावा

पहिला पुरावा आपल्या तोंडातच आहे. मराठीत आपण 'किती वाजले?' असे विचारतो. हिंदीत 'कितने बजे', बंगालीत 'कटा बाजे'. वाद्यासाठी जे क्रियापद, तेच वेळेसाठी. दक्षिणेकडील भाषांत हीच गोष्ट नामातून दिसते. तमिळ आणि मल्याळममध्ये 'मणि' म्हणजे घंटा आणि 'मणि' म्हणजे वाजलेली वेळही. तेलुगूतला 'गंट' आणि कन्नडमधला 'गंटे' हे शब्दही असेच दुहेरी अर्थाचे आहेत. मराठीतला 'तास' धातूच्या भांड्याकडून आला. फारसीत 'तास' म्हणजे वाडगा. याचा अर्थ असा की आपल्या पूर्वजांना वेळ डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी ऐकू येत होती.

ती ऐकवणारे साधन म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेला तांब्याचा वाडगा पाण्यावर सोडायचा. तो भरून बुडाला की एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे झाली. मग पहारेकऱ्याने धातूच्या जाड तबकावर ठोके द्यायचे. दिवसरात्र मिळून ६० घटका, आणि एका घटकेत ६० पळे. एखाद्याचा अंत जवळ आला की आपण 'घटका भरत आली' म्हणतो, तो वाक्प्रचार या पाण्यात बुडणाऱ्या वाडग्याचाच आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील या पद्धतीचे सविस्तर वर्णन केले आहे. रात्री घटकांचे ठोके ऐकू येत, पण प्रहर कोणता चालू आहे ते कळत नसे. म्हणून घटकेनंतर प्रहराचेही ठोके द्यावेत असा हुकूम त्याने काढला. वेळ ऐकणाऱ्या समाजाची अडचण यातून नेमकी कळते: ठोके मोजता येतात, पण ते कुठून मोजायला लागायचे हे आधी माहीत असावे लागते.

याहून जुना दुवा पठणाचा आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'त काळाचे एकक अक्षरांनी सांगितले आहे. साठ गुरू अक्षरे उच्चारायला लागणारा वेळ म्हणजे एक विनाडी, म्हणजेच एक पळ, आजची २४ सेकंदे. पुढे केवळ गुरू अक्षरांचे, साठ अक्षरांत बसणारे श्लोक कालमापनासाठी म्हटले जात. असा श्लोक एका लयीत साठ वेळा म्हटला की एक घटका भरे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानेही 'संगीतरत्नाकरा'त मात्रेचे माप पाच लघु अक्षरांच्या उच्चाराने दिले आहे. ज्योतिषी आणि संगीतकार दोघेही काळ मोजण्यासाठी माणसाच्या वाणीकडे वळले, हे ध्यानात घ्या.

३. अंगणातला काळ

आता मुलांकडे येऊ. घड्याळ घरात नसलेल्या काळातील मुलांना वेळ कळत नव्हती असे नाही. त्यांना वेगळ्या प्रकारची वेळ कळत होती, आणि ती पुष्कळदा गाण्या-नाचातून कळत होती.

महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा घ्या. आश्विनात मुली पाटावर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती फेर धरतात. अनेक ठिकाणी रीत अशी की पहिल्या दिवशी एक गाणे म्हणायचे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. हस्त नक्षत्राचे सोळा दिवस धरले तर शेवटच्या दिवशी सोळा. पाच वर्षांच्या मुलीला पंचांग वाचता येत नाही, पण आज कितवा दिवस हे तिच्या दमलेल्या पायांना ठाऊक असते. तेलंगणात बतुकम्माच्या नऊ दिवसांत फुलांच्या रचनेभोवती बायका-मुली फेर धरतात. गुजरातेत गरब्याच्या नऊ रात्री. तिन्ही ठिकाणी दिवसांची मोजदाद आणि वर्तुळातली चाल एकत्र आहे.

दुसरा प्रकार तालाचा. तीनतालात सोळा मात्रा असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. सोळावी मात्रा संपली की सतरावी येत नाही. पुन्हा समेवर, पहिल्या मात्रेवर यायचे. तबला किंवा कथक शिकणाऱ्या लहान मुलाच्या हातांना हे आवर्तन आधी कळते आणि समजुतीत नंतर उतरते. बारानंतर एक का येतो, हा तबकडीचा प्रश्न अशा मुलाला परका वाटत नाही.

कर्नाटक संगीतात आणखी एक महत्त्वाचा धडा आहे. नवशिक्यांना जे स्वराभ्यास देतात त्यांची मांडणी परंपरेने पुरंदरदासांच्या नावावर आहे. 'सरळी वरिसै' या पहिल्या अभ्यासात तीच स्वरांची ओळ तीन काळांत म्हणायची असते: तालाच्या एका क्रियेला एक स्वर, मग दोन, मग चार. हाताचा ताल तसाच राहतो, गळा दुप्पट आणि चौपट होतो. भरतनाट्यमच्या अडवूंतही पायांना हाच सराव असतो. एक गती संथ, दुसरी वेगवान, आणि दोन्हींचे नाते ठरलेले. तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्यात हेच आहे; फरक इतकाच की तिथे प्रमाण एकास बारा आहे.

मात्र इथे एक भेद नीट समजून घ्या. संगीतातली मात्रा किती लांब, हे गाणारा ठरवतो. विलंबित, मध्य आणि द्रुत लयींत तोच ताल वेगवेगळा वेळ घेतो. घड्याळाचे सेकंद कुणासाठी थांबत नाही. ताल ही माणसांनी आपसांत ठरवलेली वेळ आहे. घड्याळही एका अर्थी माणसांनीच ठरवलेले, पण ते ठरवायला मूल तिथे नव्हते. तालावरून घड्याळाकडे जाताना मुलाला हीच पायरी चढायची असते.

४. पावकी, सवायकी आणि परवचा

घड्याळ शिकण्याची तिसरी तयारी जुन्या शाळेत होत होती, तीही सुरात. पंतोजींच्या शाळेत एकाच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. हिंदी प्रदेशात सवैया, डेढ़ा, पौना ही त्यांची भावंडे. संध्याकाळी दिवेलागणीला घरी परवचा म्हणताना हेच पाढे पुन्हा एका चालीत म्हटले जात. हेतू बाजारहाटाचा होता: सव्वा शेर, पावणेदोन रुपये. घड्याळ तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

पण घड्याळ आले तेव्हा वेळ सांगायला हेच शब्द कामी आले. सव्वातीन, साडेतीन, पावणेचार. पावकी येणाऱ्या मुलाला तबकडीचे चार भाग नव्याने शिकवावे लागत नव्हते. आज ते पाढे बहुतेक शाळांतून गेले आणि 'पावणेचार' हा शब्द तेवढा मागे राहिला. त्यामुळे मुलाला तो पाठ करावा लागतो, कळत नाही.

भाषेचा फरकही इथे काम करतो. मराठीत आणि हिंदीत पावणेचार म्हणताना आपण येणाऱ्या तासाचे नाव घेतो. तमिळमध्ये हीच वेळ 'तीन आणि पाऊण' अशा अर्थाने सांगतात, म्हणजे उलटून गेलेल्या तासाचे नाव घेतात. तेलुगूत 'पाव कमी चार' असे म्हणतात. दीड आणि अडीच यांना तर आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहेत. 'साडेएक' किंवा 'साडेदोन' आपण म्हणत नाही. म्हणून घड्याळाचे गाणे एका भाषेतून उचलून दुसऱ्या भाषेत तसेच ठेवता येत नाही. तबकडी सगळीकडे सारखी असली तरी तिचे वाचन भाषेगणिक बदलते.

५. घड्याळ शहरात आणि शाळेत येते

एकोणिसाव्या शतकात भारतातील शहरांत घड्याळाचे मनोरे उभे राहिले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचे नाव दिले. या घड्याळाच्या घंटा सुरुवातीला ठोक्यांबरोबर इंग्रजी धूनही वाजवत. शहराची वेळ अक्षरशः संगीतात सांगितली जात होती, फक्त ते संगीत राज्यकर्त्यांचे होते.

रेल्वे, तारखाते आणि गिरण्या यांना सर्वत्र एकच वेळ हवी होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्थानिक वेळ त्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे होती. गिरणी कामगारांना आता सूर्याच्या हिशेबाने आधी कामावर जावे लागणार होते. त्यांनी विरोध केला. नगरपालिकेसह अनेकांनी 'मुंबई वेळ' सोडली नाही, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत चालवली. एकाच शहरात दोन वेळा चालू असताना 'किती वाजले?' या प्रश्नाला दोन उत्तरे होती. घड्याळ सांगते ती वेळ निसर्गातून आपोआप येत नाही. ती ठरवली जाते, आणि कुणी ठरवायची यावर भांडण होऊ शकते. मुलाला घड्याळ शिकवणे म्हणजे या ठरावात त्याला सामील करून घेणे होय.

शाळेने तो ठराव घंटेने राबवला. मराठीत 'तास' या शब्दाला 'वर्गाचा कालखंड' हाही अर्थ आला: गणिताचा तास, भूगोलाचा तास. तो पुष्कळदा साठ मिनिटांचा नसतो, तरी त्याला तासच म्हणतात.

६. फ्रोबेलचा लंबक

घड्याळाचे गाणे आणि त्यावरची हालचाल शिक्षणपद्धतीत बसवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांना जाते. १८४० मध्ये त्यांनी आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. १८४४ मध्ये आई आणि मूल यांच्यासाठी खेळगीतांचे सचित्र पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. त्यातले एक गीत घड्याळाच्या टिकटिकीवर आहे. आईने मुलाचा हात किंवा पाय लंबकासारखा एका लयीत हलवायचा आणि त्या लयीत गायचे, अशी त्याची कल्पना. लंबकाचे घड्याळ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये सिद्ध केले होते; फ्रोबेलच्या काळापर्यंत ते मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर पोचले होते.

फ्रोबेलला या खेळातून तबकडी शिकवायची नव्हती. मांडीवर बसणाऱ्या मुलाला तबकडी शिकवून काय करणार? खाणे, झोपणे, आंघोळ, खेळ ही सगळी आपापल्या वेळी व्हावीत, नियमितपणाची गोडी लागावी, हा त्याचा हेतू. पुढे जे घड्याळगीत जगभर पसरले त्याचे मूळ वळण असे सवयीचे आणि शिस्तीचे आहे. त्यात प्रेम आहे, सक्ती नाही. पण शिस्त आहे. गंमत म्हणजे ज्या किंडरगार्टनमध्ये हा नियमितपणा शिकवत, त्यावर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली. तोवर अनेक शिक्षक-शिक्षिका परदेशी गेल्या होत्या आणि पद्धत इंग्लंड-अमेरिकेत रुजू लागली होती.

तिथून ती आपल्याकडे आली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. मिशनच्या शाळांमधूनही किंडरगार्टनची साधने आणि हालचालींची गाणी देशभर पोचली. इंग्रजी शाळांतून त्यांच्याबरोबर इंग्रजी बडबडगीतेही आली. घड्याळावर चढणाऱ्या उंदराचे प्रसिद्ध गीत लंडनमध्ये १७४४ च्या सुमारास छापले गेले होते. ते आजही आपल्या देशातील असंख्य मुले म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांनी उंदीर पाहिलेला असतो; लंबकाचे उंच घड्याळ पाहिलेले नसते.

७. जिनिव्हा: शरीर आणि प्रश्न

दुसरे वळण स्वित्झर्लंडमध्ये आले. एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवत होते. विद्यार्थ्यांची बोटे सफाईने चालत, पण लय अंगात नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांना उठवून चालायला लावले. चालणे म्हणजे काळाचे समान तुकडे करणे, आणि ते प्रत्येकाला येते. पावलांनी एक लय, हातांनी दुसरी. संगीत बदलले की चाल बदलायची, थांबले की थांबायचे. १९१०–११ मध्ये ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे त्यांची संस्था उभी राहिली आणि या पद्धतीचा बोलबाला झाला. फ्रोबेलच्या खेळात मूल लंबकाचे अनुकरण करत होते. दालक्रोझच्या वर्गात ते कान देऊन स्वतः निर्णय घेऊ लागले. आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे.

याच शहरात ज्याँ पियाजे यांनी मुलांना काळ कसा कळतो याचा अभ्यास केला. १९२८ मध्ये दावोस येथे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्यांना विचारले होते की मुलांच्या मनात आधी काय येते, काळ की वेग? त्या दिशेने केलेल्या प्रयोगांवरचे पियाजे यांचे पुस्तक १९४६ मध्ये आले. प्रयोग साधा होता. दोन बाहुल्या एकदम निघतात आणि एकदम थांबतात, पण एक जास्त वेगाने जाऊन पुढे पोचते. चार-पाच वर्षांची मुले सांगतात की पुढे गेलेली बाहुली जास्त वेळ चालली. लहान मुलाच्या लेखी जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ.

आता घड्याळाकडे पाहा. मिनिटकाटा तासाभरात पूर्ण फेरी मारतो, तासकाटा जेमतेम एक घर सरकतो. या वयाच्या मुलाला ते दोघे 'तेवढाच वेळ' चालले हे कसे पटावे? तबकडी मुलांना अवघड का जाते याचे उत्तर इथे आहे. गाण्याने आकडे पाठ होतील, ही अडचण सुटणार नाही. मात्र दोन मुलांनी एकाच तालावर वेगवेगळ्या गतीने चालून पाहिले, तर निदान प्रश्न तरी समोर येतो.

८. शांतिनिकेतन, भावनगर, अड्यार

विसाव्या शतकात भारतीय शिक्षकांनी या आयात पद्धती आपल्या मातीत लावून पाहिल्या. रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा सुरू केली. तिथे तासांसाठी घंटा होतीच, पण दिवसाची सुरुवात समूहगायनाने आणि ऋतूंचे येणे-जाणे वर्षामंगल, वसंतोत्सव अशा गाण्या-नाचाच्या उत्सवांनी कळे. १९१९ मध्ये सिल्हेटला मणिपुरी नृत्य पाहिल्यावर टागोरांनी त्याचे शिक्षक शांतिनिकेतनात बोलावले. घंटेची वेळ आणि ऋतूची वेळ एकाच शाळेत नांदू शकतात, हे तिथे दिसले.

भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांना त्यांनी गोष्टी, लोकगीते, नाट्य आणि गुजराती घरातल्या वस्तूंची जोड दिली. मॉन्टेसरीच्या वर्गात जमिनीवरील रेषेवरून तोल सांभाळत, पुढे संगीताच्या लयीवर, चालण्याचा सराव असतो. १९३९ मध्ये मॉन्टेसरी स्वतः मद्रासजवळ अड्यारला आल्या. त्यांना बोलावणाऱ्या जॉर्ज आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल या दांपत्यापैकी रुक्मिणीदेवींनी तीन वर्षांपूर्वी, १९३६ मध्ये, अड्यारलाच 'कलाक्षेत्र' स्थापन केले होते. एकाच परिसरात एकीकडे रेषेवर चालणारी मुले आणि दुसरीकडे तीन काळांत अडवू करणाऱ्या मुली: काळ शरीराने शिकण्याच्या दोन परंपरा शेजारी आल्या.

९. कोसबाड: कुणाचे घड्याळ?

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्या कामात आपला प्रश्न सर्वांत तीव्र होतो. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. १९४५ मध्ये त्या शहर सोडून ठाणे जिल्ह्यातील (आज पालघर) बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये राहिल्या. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या जोडीला होत्या.

तिथे शाळा होती, घंटा होती, मुले मात्र येत नव्हती. कारण वेळेची जाण नसणे हे नव्हते. वारली मुलांचा दिवस काटेकोर होता: गुरे सोडायची, धाकटे भावंड सांभाळायचे, लाकूडफाटा आणायचा, सूर्य टेकायच्या आत परतायचे. वर्षाचीही त्यांना जाण होती. पीक हाती आल्यावर तारपा वाजतो आणि त्याभोवती फेर धरला जातो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. शाळेची अकरा ते पाचची वेळ या दिवसाच्या मधोमध येऊन आदळत होती.

ताराबाई-अनुताईंनी घड्याळ मुलांवर लादण्याआधी शाळाच हलवली. बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे चरतात तिथे शाळा भरवली, ती कुरणशाळा. गाणी, गोष्टी, नाच, निसर्गातल्या वस्तू ही तिथली साधने होती. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर गेला. तुम्ही कुठल्याही राज्यात असा, हा शब्द तुमच्या गावात आहे.

या प्रयोगाचा अर्थ घड्याळ नको असा घेऊ नका. दवाखाना, बस, परीक्षा, मजुरीचा हिशेब हे सगळे घड्याळावर चालते, आणि घड्याळ न येणारा माणूस तिथे फसवला जातो. वारली मुलाला ते यायलाच हवे होते. पण त्याच्याजवळ आधी असलेली वेळ ही अडाणीपणाची खूण न मानता, तिच्यावर नवी वेळ उभी करता येते, हे कोसबाडने दाखवले.

१०. गाणे काय शिकवते, काय शिकवत नाही

आतापर्यंतच्या इतिहासावरून एक छोटे वर्गीकरण करता येईल. घड्याळाचे कोणतेही गाणे किंवा नाच समोर आला की तो पुढीलपैकी काय शिकवतो ते पाहा.

(अ) सवय: उठणे, जेवणे, झोपणे यांचा क्रम. फ्रोबेलचे गीत या वर्गातले.
(आ) लय आणि अवधी: समान तुकडे, आवर्तन, दुप्पट-चौपट. ताल, अडवू, दालक्रोझची चाल.
(इ) वाचन: काट्यांच्या स्थितीवरून वेळ सांगणे.

बहुतेक गाणी (अ) आणि (आ) मध्ये उत्तम काम करतात, आणि शिकवणारा समजतो की (इ) झाले. ते आपोआप होत नाही. त्यासाठी नाचाची रचनाच तबकडीप्रमाणे करावी लागते. उदाहरणार्थ, अंगणात मोठे वर्तुळ काढा आणि बारा मुलांना आकड्यांच्या जागी बसवा. एक मूल मिनिटकाटा. त्याने समान लयीत साठ पावलांत पूर्ण फेरी मारायची, दर पाच पावलांना एका आकड्यापाशी पोचायचे. दुसरे मूल तासकाटा. त्याने तेवढ्याच वेळात आतल्या लहान वर्तुळावर एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंतच सरकायचे. बसलेल्या मुलांनी टाळीने लय धरायची. तिसाव्या टाळीला 'थांबा' म्हणा. तासकाटा झालेले मूल दोन आकड्यांच्या मध्ये उभे असेल. साडेतीनला काटा तीनवर का नसतो, याचे उत्तर मग मुलेच देतील. पियाजे यांनी दाखवलेली अडचण, सरळी वरिसैतले गतींचे प्रमाण, आणि भोंडल्याचा फेर या तिन्ही गोष्टी या एका खेळात आहेत.

टाळी जलद केली तर काय होईल, हेही मुलांना विचारा. दोन्ही काटे जलद फिरतील, पण शाळेच्या भिंतीवरचे घड्याळ तसेच चालेल. आपला ताल आणि घड्याळाचा ताल यांतला भेद कळायला यापेक्षा वेगळे व्याख्यान लागत नाही.

११. समारोप

भारतात वेळ आधी ऐकली गेली, मग मोजली गेली आणि शेवटी वाचली गेली. मूलही साधारण याच क्रमाने जाते. जुन्या समाजाने फेर, ताल आणि पाढे यांतून या वाटेचे पहिले दोन टप्पे मुलांना दिले होते. घड्याळाने तिसरा आणला. किंडरगार्टनने गाण्याला शिस्तीचे काम दिले, दालक्रोझने शरीराला विचाराचे, आणि कोसबाडने विचारले की ही शिस्त कुणाच्या दिवसावर बेतलेली आहे. तुमच्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक व्हाल, पालक व्हाल. मुलांना घड्याळाचे गाणे जरूर शिकवा. फक्त ते म्हणून झाल्यावर मूल वेळ पाळू लागले की वेळ सांगू लागले, हे तपासा. आणि शाळेत उशिरा येणाऱ्या मुलाला घड्याळ येत नाही असे ठरवण्याआधी त्याचा दिवस किती वाजता सुरू होतो ते विचारा.

स्वाध्याय

१. तुमच्या मातृभाषेत ३.१५, ३.३० आणि ३.४५ या वेळा कशा सांगतात? त्यांत गेलेल्या तासाचे नाव येते की येणाऱ्या? मुलाला तबकडी वाचताना याचा काय परिणाम होईल ते लिहा.
२. तुमच्या भागातील एखादा फेराचा नाच किंवा खेळगीत निवडा. त्यातून दिवस, ऋतू किंवा लय यांपैकी काय मोजले जाते?
३. १९०६ च्या प्रमाणवेळेला मुंबईत विरोध का झाला? त्यातून घड्याळाच्या सामाजिक स्वरूपाविषयी काय कळते?
४. फ्रोबेल आणि दालक्रोझ यांच्या पद्धतींतील फरक 'पाळणे' आणि 'समजणे' या दोन शब्दांच्या आधारे स्पष्ट करा.
५. घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला विचारा: लहानपणी घड्याळ नसताना वेळ कशी कळत असे? उत्तराची नोंद करून वर्गात चर्चा करा.